यादीतलं चौथं नाव

आपा,

तुम्ही गेलात त्यानंतरच्या गुरुवारी जाधव सरांनी मला तुमच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी बसलो. खुर्ची तुम्ही तुमच्या उंचीला लावून घेतलेली. माझे गुडघे टेबलाला लागत होते. दांडा ओढून ती खाली घेता आली असती, पण हात गेला नाही.

सर म्हणाले, "अमोल, अपडेट पुढं ढकलता येत नाही. मी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी बोललो. जुनी आवृत्ती ते बंदच करतायत. पुढच्या रविवारी सकाळी करायचंच आहे."

"सर, सगळी रेकॉर्ड आपांच्या नावावर आहेत."

"म्हणून तर तुला इथं बसवलं."

बाहेर कुणाला सांगितलं की मी सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींची सिस्टीम, सांभाळतो, तर त्यांना वाटतं काहीतरी विकायचं काम असेल. आपलं काम तुम्हाला माहीत आहे. घराघरांत आपली ऑक्सिजनची मशीन लागलेली. कुठल्या घरात कुठलं मशीन, त्यावर कोण माणूस आहे, फिल्टर कधी बदलला, सर्व्हिससाठी फोन कधी करायचा, हे सगळं त्या एका सिस्टीममध्ये. त्यातून एखादं घर गळालं तर त्या घराला आपला फोन जात नाही. फोन गेला नाही तर फिल्टर तसाच राहतो. आणि मग काय होतं, ते तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी तेव्हा कागदावरचं वाचून बोलायचो. "आपलं मशीन व्यवस्थित चालू आहे का?" पलीकडून "हो" आलं की खूण करायची आणि पुढचा नंबर. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. एका फोनला तुम्ही रिसीव्हर माझ्या हातातून काढूनच घेतलात. पलीकडं एक बाई होत्या. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "मावशी, मशीनवर काय ठेवलंय?" त्या म्हणाल्या, "काही न्हाई, गोधडी वाळत घातलीय." तुम्ही गोधडी काढायला लावलीत, मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढायला लावलंत, आणि ते होईपर्यंत फोन धरून बसलात. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "अमोलमियाँ, फोन पे मुँह बाद में, कान पहले लगाने का. मशीन का दम घुट रहा था, सुनाई नहीं दिया तुमको?"

मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

पण मी तुमची आरती ओवाळायला बसलेलो नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात आणि तुम्हाला ते आवडलं नसतं. तुम्ही तापट होतात. नव्या इंजिनिअर पोरांना एका वाक्यात रडवायचात. तुमच्या नोंदी अशा, की दुसऱ्या कुणाला कळूच नयेत. 'बात हुई. ठीक. बहू से पूछना.' सुनेला काय विचारायचं, ते तुमच्या डोक्यात. रजा घ्यायचा नाहीत, कारण म्हणे तुमच्यावाचून चालत नाही. आपा, चालत नव्हतं, कारण तुम्ही चालू देत नव्हतात. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. शुक्रवारी तुम्ही डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणायचात, मला वाढताना जाधव सरांपेक्षा एक चमचा जास्त वाढायचात, आणि मग तोंडापर्यंत आलेलं परत आत जायचं.

ज्या शुक्रवारी आपलं भांडण झालं, त्या दिवशीही डबा आला होता.

मीटिंग साडेतीनला होती. मी यादी छापून आणली होती. नव्या आवृत्तीत मेसेज आपोआप जाणार होते. ज्याच्या नावापुढं 'अॅक्टिव्ह' असेल त्याला सर्व्हिसची आठवण, चौकशी, सगळं सिस्टीमच पाठवणार, माणूस मध्ये नाही. म्हणून जे वारले त्यांची रेकॉर्ड अपडेटच्या आधी 'क्लोज्ड' करायलाच हवी होती. वर्षानुवर्षं तुम्ही ती उघडी ठेवलेली. गेलेल्या माणसाच्या नावानं घरी मेसेज गेला तर काय होईल, हे मी सरांना समजावून सांगितलं. सरांनी मान डोलावली. तुम्ही पहिलं पान हातात घेतलंत, वाचलंत, आणि उलटं करून टेबलावर ठेवलंत.

"बंद नहीं करने का."

"आपा, ही माणसं वारलीत."

"माणूस गेला. घर आहे ना?"

"घराला ऑक्सिजन लागत नाही."

"तुमको क्या मालूम कौन से घर को क्या लगता?"

"मग लिहून ठेवा ना! कारण लिहा, मी ठेवतो उघडं. तुमच्या मनात काय आहे ते सिस्टीमला कसं कळणार?"

तुम्ही म्हणालात, "मैं देखती हूँ एकेक करके. वेळ द्या." मी म्हणालो, वेळ नाही. सर मोबाइलमध्ये बघत होते. तुम्ही पुन्हा म्हणालात, बंद करायचं नाही. आणि मी बोललो, "आपा, हे ऑफिस आहे, कब्रस्तान नाही. मेलेल्यांची नावं जपायची तर घरी वहीत जपा."

स्मशान म्हणता आलं असतं. गोदाम म्हणता आलं असतं. मी नेमका तुमच्याकडचा शब्द उचलला. तो तोंडातून जाताना मला कळलंही होतं, की हा जास्त लागेल.

तुम्ही ओढणी नीट केलीत, डबा पिशवीत ठेवलात आणि दारात थांबून एवढंच म्हणालात, "ठीक है. तुम्हारा सिस्टम, तुम देखो." वाळूजहून सुटणारी साडेपाचची बस न घेता तुम्ही त्या दिवशी साडेचारलाच रिक्षानं गेलात. मी खिडकीतून बघितलं. खाली जाऊन थांबवावं असं वाटलं. मग वाटलं, सोमवारी बोलू. राग उतरलेला असेल.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तुमचा फोन आला. स्क्रीनवर 'आपा' दिसलं. मी भाजी निवडत बसलो होतो, हात ओले होते, पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटलं, आता सुनावणार, रविवारी सकाळी कुठं ऐकून घ्यायचं. मी फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. सना होती. "अमोलभैया, अम्मी उठ नहीं रही." एवढंच. पुढं कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला.

त्या दोन फोनांमध्ये चार-पाच मिनिटं असतील. डॉक्टरांनी सनाला सांगितलं की तुम्ही पहाटेच गेला होतात, कुणी काही करू शकलं नसतं. मी ते मानतो. तरी ती चार-पाच मिनिटं मला रोज सकाळी आठवतात.

मातीला मी आलो होतो, आपा. सगळ्यांनी दिली तशी तीन मुठी माती मीही दिली. कुठं उभं राहायचं, काय करायचं, काही कळत नव्हतं. तुमच्या भावानं खांद्याला धरून मला पुढं घेतलं. आणि तिथं, सगळे मान खाली घालून उभे असताना, मला माझंच वाक्य ऐकू आलं. हे ऑफिस आहे, कब्रस्तान नाही. मी कब्रस्तानात उभा होतो, आणि खाली तुम्ही.

त्यानंतर कामाला लागलो, कारण दुसरं काय करणार होतो?

बॅकअप घेतला. नीट झाला की नाही म्हणून पुन्हा घेतला. तिसराही घेतला. जुन्या सिस्टीममधला कुठला रकाना नव्या सिस्टीममध्ये कुठं जाणार याचा तक्ता केला. फोन नंबर, पत्ता, मशीनचा नंबर जुळत गेले. तुमच्या नोंदींचा रकाना नव्या आवृत्तीत लहान होता, वर्षानुवर्षं साठून लांबलेल्या नोंदी शेवटी कापल्या जाणार होत्या. मी बसून एकेक मोठी नोंद दोन भागांत तोडली. जेवताना डबा उघडायचो आणि आठवायचं, पिशोरचा पिनकोड तपासला का? उठून जायचो. वैशाली घरी म्हणायची, "तुम्ही माझ्याकडं बघताय पण ऐकत नाही." खरं होतं. मला सारखं वाटायचं की एखादं घर माझ्या हातून निसटतंय आणि मला ते दिसत नाहीये. यादी तशीच पडून होती. 'क्लोज्ड' करायचं बटण माझ्याच हातात होतं आता, अडवणारं कोणी नव्हतं. मी रोज ते उद्यावर ढकलत होतो.

बुधवारी सकाळी टेस्ट घेतली. म्हणजे सगळ्या माहितीची एक नक्कल करायची आणि अपडेट आधी त्या नकलेवर चालवून बघायचं, म्हणजे खऱ्याला धक्का लागत नाही. त्यात बाहेर मेसेज पाठवायची चौकटीतली खूण काढून टाकायची असते. माझ्याच हातानं बनवलेल्या कागदावर ती सातव्या क्रमांकाला लिहिलेली होती. सहावं करताना ड्रायव्हर चावी मागायला आला. त्याला चावी दिली आणि मी थेट आठव्यावर गेलो.

अकरा वाजून गेले होते. पहिला फोन सिडकोतून आला. माणूस शांतपणे बोलत होता, त्यानं जास्त भीती वाटली.

"आत्ता तुमच्याकडून मेसेज आला. 'नमस्कार रामरावजी, आपल्या मशीनची सर्व्हिस या आठवड्यात आहे, सोयीची वेळ कळवा.' रामराव माझे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आई वाचून बसलीय. तिला काय सांगू?"

मी माफी मागेपर्यंत दुसरी लाइन वाजली, मग तिसरी. मेसेजची ती खूण सापडेना, समोर असून सापडेना. सापडली तोवर यादीतल्या त्रेचाळीस वारलेल्यांच्या नावानं मेसेज गेले होते. नकलेतून, पण खऱ्या फोनवर.

पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, वो चेकबॉक्स तो आपको हटाना था." जाधव सर आले, ऐकलं, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "आता?"

"फोन करतो सर. त्रेचाळीस घरी. मीच करतो."

एका घरानं शिव्या घातल्या. नुसत्या ऐकून घेतल्या, हक्कच होता त्यांचा. एकानं तक्रार करतो म्हणून माझं नाव लिहून घेतलं. गारखेड्याच्या एका बाईंनी माझं बोलणं पुरतं होऊच दिलं नाही. "असू द्या हो भाऊ," त्या म्हणाल्या. "यांचं नाव आलं फोनवर. किती दिवसांत आलं नव्हतं. मी लेकीला दाखवलं."

आणि मग देवगाव रंगारीचा फोन. माझ्या गावापासून दोन कोसांवरचं ते घर, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, भिकाजीरावांच्या नावानं चुकून मेसेज गेला, माफ करा.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "चुकून कामून? मसीन हाय की चालू. म्या हाय तिच्यावर."

"तुम्ही?"

"व्हय. मालक गेले आन् वरीसभरानं मलाबी दम लागाया लागला. डाक्टरनं चिठ्ठी देली. आपाला ठावं हाय समदं. आपाचा फोन येतो न दर म्हैन्याला."

माझ्या यादीत ते घर होतं. तुम्ही जर शुक्रवारी माझं ऐकलं असतंत तर मी त्याच दिवशी ते बंद करून टाकलं असतं. रविवारपासून त्या म्हातारीला कुणाचाही फोन गेला नसता.

त्रेचाळीस घरांत अशी सहा निघाली. कुठं नवऱ्यानंतर बायको, कुठं आईनंतर थोरला मुलगा. पिशोरला तर शेजारचे गुरुजी होते मशीनवर. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर. आपाला ठावं हाय. आपा को मालूम है. आपांना विचारा.

तेव्हा मला तुमचा इतका राग आला, आपा. मी खरं सांगतो, दुःख वगैरे बाजूला राहिलं. तुम्ही बरोबर होतात, घर चालू होतं. पण भिकाजीरावांच्या नावाखाली त्यांच्या बायकोचा श्वास का ठेवलात? नवं रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला नवा फॉर्म भरायचा कंटाळा होता, का कुणी तुमच्या घरांत ढवळाढवळ करू नये असं वाटत होतं? पहाटे तुम्ही गेलात आणि सहा माणसं तुमच्याबरोबर सिस्टीममधून नाहीशी झाली, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? मी तुमच्या टेबलाचा खण जोरात ओढला. आत रबर लावलेली एक प्लास्टिकची फाइल होती. सहाही घरांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारीखवार, प्रत्येकीवर तुमच्या हातचं नाव आणि गाव. आणखी पाच घरांच्या होत्या, ज्यांना माझा मेसेजही गेला नव्हता. कागदावर सगळं होतं. सिस्टीममध्ये काहीच नव्हतं.

खण उघडाच ठेवून मी राहिलेले फोन करायला बसलो.

चार वाजता शेवटचा नंबर उरला होता. रेकॉर्डवर नाव होतं अब्दुल रऊफ. पत्ता रोशन गेटजवळचा. मी नंबर डायल केला. ऑफिसचा फोन बराच वेळ वाजत राहिला, कुणी उचलेना, म्हणून माझ्या मोबाइलवरून लावला. आकडे दाबून झाले आणि स्क्रीनवर नाव आलं. आपा.

मी लगेच कट केला.

रेकॉर्ड उघडून वाचलं. पाच वर्षं मशीन, दर महिन्याची नोंद, सगळ्या तुमच्या. शेवटची नोंद मी नोकरीला लागायच्या आधीची. 'इंतेकाल हुआ. मशीन वापस.' पुढं काही नाही. स्टेटस अॅक्टिव्ह. बाकीच्या घरांना काही ना काही कारण होतं, कुठं दुसरा पेशंट, कुठं मशीन अजून परत यायचं. या एका रेकॉर्डला कुठलंच कारण नव्हतं.

यादी काढून बघितली. पहिल्या पानावर, चौथं नाव. तुम्ही ते पान वाचलं होतंत आणि उलटं करून ठेवलं होतंत. आपा, आठ वर्षं आपण शेजारी बसलो. तुमच्या डब्यातलं जेवलो. सनाचे अब्बा वारलेत एवढं मला माहीत होतं. त्यांचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी सनाकडं गेलो. तुमचे भाऊ दारातच भेटले, आत बसवलं. सनानं पाणी आणलं. मी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो होतो, तुम्ही कितीदा बोलावलं होतं. मी मेसेजचं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

सना म्हणाली, "मैंने देखा. अम्मीचा फोन चार्जिंगला लावला होता. अब्बांचं नाव आलं. मला वाटलं, अम्मीनंच काहीतरी..." ती थांबली. "एक मिनिट खूप घाबरले मी, अमोलभैया. फिर गुस्सा आया तुम्हारे पे."

"यायलाच पाहिजे."

मग मला जे विचारायचं होतं ते विचारायला जीभ उचलेना. तुमचे भाऊ चहा सांगायला आत गेले तेव्हा विचारलं. "त्या शुक्रवारी आपा काही बोलल्या? माझं आणि त्यांचं भांडण झालं होतं. मी फार वाईट बोललो."

"बोली ना. घरी आल्यावर तुमच्याबद्दलच."

"काय?"

सना थोडा वेळ बोटानं सतरंजीचा धागा काढत बसली. "बोली, लडका सही बोल रहा था, पर बोलने की तमीज नहीं. रात्रीपर्यंत रागात होती. शनिवारी कपडे घडी करता करता एकदम म्हणाली, सोमवारी जाऊन तेरे अब्बा का नाम मैं ही बंद करूँगी. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मी चहा घेतला का नाही, आठवत नाही. उठताना सनानं विचारलं, "बंद झालं ते?"

"नाही. मी केलं नाही."

"मी करू का?"

नियमात बसत नव्हतं, बाहेरच्या माणसाला सिस्टीमला हात लावू देणं. मी जाधव सरांना विचारलं. सर म्हणाले, "शनिवारी दुपारी ये म्हणावं. मी जेवायला जातो तेव्हा."

शुक्रवारी मी तुमच्या खणातल्या चिठ्ठ्या घेऊन अकरा नवी रेकॉर्ड केली. देवगावच्या म्हातारीचं नाव सरूबाई. आधी ते कुठंच नव्हतं. प्रत्येक घरी फोन करून वय, मशीनचा नंबर, डॉक्टरांचं नाव, सगळं पुन्हा विचारलं. मग जुनी रेकॉर्ड एकेक करून बंद केली. कारण लिहून. घाई केली नाही. तुम्ही मागितलेला वेळ एवढाच होता, आपा. एक पूर्ण दिवस. तो त्या शुक्रवारी तुम्हाला देता आला असता.

शनिवारी सना आली, मामा खाली थांबले. ती तुमच्या खुर्चीवर बसली, तिला ती बरोबर झाली. मी रेकॉर्ड उघडून दिलं. तिनं सगळ्या नोंदी वाचल्या, पहिल्यापासून. मध्ये एकदा हसली, कुठल्याशा नोंदीत तुम्ही लिहिलं होतं, 'मरीज़ परहेज़ नहीं करता. बीवी से झगड़ा.' मग मला विचारलं, "कुठं दाबायचं?" मी दाखवलं. तिनं माउस धरला. मी दुसरीकडं बघितलं. क्लिक झाल्याचा आवाज आला. "हो गया," ती म्हणाली. जाताना तिनं तुमचा चहाचा कप नेला. मी काही बोललो नाही, तो तिचाच होता.

रविवारी सकाळी सहाला अपडेट सुरू झालं. जाधव सर, मी आणि फोनवर पुणे. हिरवी पट्टी सरकत होती आणि मधेच अडकून बसायची. अडकली की माझा श्वास अडकायचा. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर ती पाऊण तास हललीच नाही. सर म्हणाले, "बाहेर जाऊन ये जरा." मी गेलो नाही. डोळ्यांसमोर सारखं एकच, परत उघडेल तेव्हा घरं असतील का? दहाच्या सुमारास उघडलं. मी एकूण आकडा बघितलाच नाही. आधी सरूबाईंचं नाव टाकलं. होतं. मग पिशोरचे गुरुजी. होते. मग एकामागून एक सगळे अकरा. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा शर्ट घामानं चिकटल्याचं मला कळलं.

सोमवारी शेवटचं काम राहिलं होतं. तुमचं खातं. ते बंद केल्याशिवाय तुमच्या नावावरची रेकॉर्ड दुसऱ्याच्या नावावर जात नाहीत. नव्या आवृत्तीत कारण विचारतात. पर्याय होते: राजीनामा, बदली, निवृत्ती, इतर. मी 'इतर' निवडलं तर खाली चौकट उघडली, कारण लिहा. बराच वेळ बोटं कीबोर्डवर नुसती ठेवून बसलो. मग लिहिलं, 'अनीसा आपा वारल्या. त्यांची सगळी घरं आता माझ्याकडे.' सिस्टीमनं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. पडद्यावर एकेका ओळीतलं तुमचं नाव जाऊन तिथं माझं येत गेलं, खालपर्यंत.

त्या दिवशीचा पहिला फोन करमाडच्या काशीनाथ काकांना होता. त्यांना तुम्ही दर पंधरा दिवसांनी करायचात. मधला एक चुकलेला. एका रिंगमध्ये उचलला.

"आपा?" ते म्हणाले. "किती दिस झाले. म्हनलं आपा रुसली का काय."

"काका, मी अमोल बोलतोय. आपांबरोबर काम करायचो." आणि पुढचं वाक्य मी तोवर कुणालाच म्हटलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना ते आधीच माहीत होतं, आणि फोनवर त्या अकरा घरांना सांगायचं मी टाळलं होतं. "काका, आपा गेल्या. पंधरा दिवस झाले."

मला पुढं बोलता येईना. त्यांना ते कळलं असावं. बऱ्याच वेळानं, एकेका शब्दाला दम घेत ते म्हणाले, "पोरा, तू जेवला का?"

"नाही, काका."

"मंग आदी जेवून घे. मसीनचं मंग इचार." त्यांनी दम घेतला. "म्या कुठं जातो? हाय इथंच."